बॉडीत 12.6 व्होल्ट आणि माझे 9,650 रुपये

डिसेंबरच्या मध्यापासून माझी गाडी मला चावायला लागली. नाशिकची थंडी, सकाळची शाळा, अंगात अ‍ॅक्रिलिकचा स्वेटर. शाळेच्या आवारात गाडी लावून उतरायचं आणि दार लोटायला हात लावला की चट्! बोटाच्या टोकाला सुई टोचल्यासारखं व्हायचं. एकदा पहाटेच्या अंधारात बारीकशी ठिणगीसुद्धा दिसली. मग मी दार पर्सने ढकलायला लागले, आणि शाळेतले शिपाईमामा गालातल्या गालात हसायला लागले.

घराजवळच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेले. त्याने माझं बोलणं पुरतं ऐकून घेतलं. आता वाटतं, तिथेच मला शंका यायला हवी होती. मग बॉनेट उघडून मल्टिमीटर काढला. लाल पिन बॅटरीच्या प्लसवर ठेवली, काळी पिन बॉनेटखालच्या एका उघड्या बोल्टवर, आणि आकडा माझ्यापुढे धरला. 12.6.

"बघा ताई, बॉडीत पूर्ण करंट उतरलाय. गाडी सीएनजी आहे ना? मुलं बसतात ना मागे? पंपावर एक ठिणगी पुरते."

एवढं ऐकल्यावर कोण घासाघीस करणार? संध्याकाळी गाडी न्यायला गेले तेव्हा बिल तयार होतं. नवी बॅटरी 5,200, कारण जुनी म्हणे "लीक" होती. अर्थिंग किट 2,800, म्हणजे बॅटरीच्या मायनसपासून इंजिन आणि बॉडीला जोडलेल्या तीन लाल वायरी. गाडीच्या मागे जमिनीला टेकणारी रबरी पट्टी 450. मजुरी 1,200. बिल कच्चं, वहीच्या पानावर. पक्कं मागितलं तर जीएसटी वेगळा द्यावा लागेल म्हणाला, आणि मी गप्प बसले.

गंमत म्हणजे पुढचे चार दिवस शॉक बसला नाही. त्या दिवसांत आभाळ भरलेलं होतं, अवकाळी पावसाची भुरभुरही झाली. मी मात्र श्रेय लाल वायरींना दिलं आणि स्टाफरूममध्ये दोघींना त्या दुकानाचं नावही सुचवलं. त्याची लाज अजून वाटते. पाचव्या दिवशी लख्ख ऊन पडलं, हवा कोरडी झाली आणि चट्! परत गेले तर म्हणाला, "आता सीट काढून आतलं वायरिंग बघावं लागेल, सहा-सात हजार धरून चला."

सुदैवाने त्याच संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे काका पार्किंगमध्ये भेटले. एसटीच्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन होते, आता निवृत्त. मी 12.6 चा किस्सा सांगताच ते घरात जाऊन स्वतःचा मीटर घेऊन आले आणि आधी त्यांच्याच गाडीला लावला. 12.5. शेजारच्या बिऱ्हाडाच्या गाडीला लावला, तिथेही तेच.

"अगं, बॅटरीचा मायनस बॉडीलाच जोडलेला असतो. प्लस आणि बॉडी यांच्यात बारा व्होल्ट दिसणारच. नाही दिसले तर काळजी करायची."

मग त्यांनी बोटातली अंगठी काढून खिशात ठेवली (धातू दोन्हीकडे टेकला तर भाजतं), हात पुसले आणि बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलांवर एकेक बोट ठेवलं. काही झालं नाही. कोरड्या कातडीला बारा व्होल्ट जाणवत नाहीत. अर्थिंग खरंच खराब असतं तर सेल्फ मारताना गाडी कुथली असती, दिवे मंद झाले असते, असंही म्हणाले. आणि वर: "करंट गाडीत नाही, तुझ्यात आहे."

प्रकार असा होता. दिवाळीत मी रेक्झिनची नवी सीट कव्हरं घातली होती. त्यांच्यावर स्वेटर आणि पॉलिस्टरचा ड्रेस घासत आपण उठतो, तेव्हा सीट आणि कपडे वेगळे होताना अंगावर स्थिर वीज साठते. काही हजार व्होल्ट सहज होतात, पण विजेचा साठा इतका किरकोळ की दचकण्यापलीकडे काही होत नाही. पायात रबरी तळाचे बूट, त्यामुळे ती जमिनीत उतरत नाही. हात दाराच्या पत्र्याला लागला की एका झटक्यात निघून जाते. दमट हवेत ती आपोआप झिरपून जाते, म्हणून मुंबईच्या माझ्या बहिणीला हा प्रकार ठाऊकच नव्हता. ती रबरी पट्टी फार तर गाडीतली वीज उतरवेल, माझ्या अंगातली कशी उतरवणार?

उपाय फुकटचा आहे. सीटवरून उठण्याआधी दाराच्या चौकटीचा उघडा धातू धरायचा आणि पाय जमिनीला टेकेपर्यंत सोडायचा नाही. विसरलात तर हातातल्या किल्लीचं टोक आधी पत्र्याला लावायचं. ठिणगी किल्लीवर पडते, बोट वाचतं. मी सीटवर सुती चादरही टाकलीय. गॅस किंवा पेट्रोल भरताना ठिणगीची भीती खोटी नाही, पण त्यासाठीही उतरल्या उतरल्या नळीपासून लांब कुठेतरी धातूला हात लावून घेणं पुरतं.

जुनी बॅटरी मागायला गेले तर ती "भंगारात गेली". दोन वर्षांचीच होती, वॉरंटी शिल्लक होती. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करायचं ठरवलं, तर हातात पुरावा म्हणून वहीचं पान, त्यावर ना दुकानाचं नाव, ना सही. म्हणून बिल पक्कंच घ्या आणि काढलेला पार्ट त्याच वेळी डिकीत टाकून आणा. आणि कुणी मीटरवर आकडा दाखवून घाबरवलं तर शांतपणे म्हणा, "तुमच्या गाडीला लावून दाखवा."

लाल वायरी काकांनी काढून टाकल्या. पट्टी अजून मागे लोंबतेय, स्पीडब्रेकरला घासून निम्मी झालीय. 450 रुपये मोजलेत, काढवत नाही.