किरकोळ शिक्षा की चौकशी समिती? खाजगी शाळेच्या व्यवस्थापनासाठी तुलना

एखाद्या शिक्षकाचा फेब्रुवारी उजाडला तरी अभ्यासक्रम निम्मा बाकी, तासाला रोज दहा मिनिटं उशीर आणि पालकांच्या अर्जांनी फुगलेली फाईल. अशा वेळी संस्थेच्या बैठकीत दोन सूर ऐकू येतात. एक म्हणतो, ‘मेमो (खुलासा मागणारी लेखी नोटीस) द्या, वेतनवाढ रोखा.’ दुसरा म्हणतो, ‘एकदाची चौकशी लावा.’ महाराष्ट्रातल्या मान्यताप्राप्त खाजगी शाळांना त्यांच्या कर्मचाऱ्यांसाठीचा 1977 चा सेवाशर्ती अधिनियम आणि 1981 ची नियमावली लागू आहे, आणि तिथे मार्गही हे दोनच आहेत. (जिल्हा परिषदेच्या शाळांना 1964 चे शिस्त व अपील नियम लागतात, त्यांचा हिशोब वेगळा.)

शिक्षांची यादी वाचकांना माहीत असेलच. समज, ताकीद, ठपका, जास्तीत जास्त एक वर्षापर्यंत वेतनवाढ रोखणं आणि नुकसानीची वसुली या किरकोळ. पदावनती आणि सेवासमाप्ती या मोठ्या. बैठकीत एक गोष्ट मात्र हमखास विसरली जाते. चौकशी समिती फक्त मोठ्या शिक्षेसाठीच असते. ‘आधी समिती नेमू, मग काय शिक्षा द्यायची ते बघू’ हा क्रमच उलटा आहे. शिक्षा किती गंभीर असू शकते याचा अंदाज आधी बांधायचा, मग मार्ग निवडायचा.

समितीच्या बाजूचं आधी सांगतो, कारण तिची बाजू लंगडी नाही. लेखी आरोप, कर्मचाऱ्याने स्वतः निवडलेला प्रतिनिधी, साक्षी, उलटतपासणी, शेवटी पुन्हा खुलासा. कोणाची नोकरी जाणार असेल तर एवढं व्हायलाच हवं. वेळापत्रकही कागदावर नेटकं आहे: आरोपांवर खुलाशाला 7 दिवस, प्रतिनिधीचं नाव आणि त्याची लेखी संमती कळवायला 15 दिवस, समिती झाली की 7 दिवसांत दोषारोपपत्र आणि साधारण 120 दिवसांत चौकशी पूर्ण. साक्षींचा गोषवारा मिळाल्यावर कर्मचाऱ्याला आणखी 7 दिवस, त्यानंतर 10 दिवसांत समितीचा निष्कर्ष.

घोडं पेंड खातं ते तीन खुर्च्यांपाशी. एक सदस्य व्यवस्थापनाचा, दुसरा कर्मचाऱ्याने कुठल्याही खाजगी शाळेतल्या कर्मचाऱ्यांमधून निवडलेला, तिसरा राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या शिक्षकांच्या यादीतला. हा तिसरा माणूस मिळणं, त्याला सवड असणं आणि प्रत्येक बैठकीला त्याने येणं, इथेच कितीतरी दिवस खर्ची पडतात. दुसरा सदस्य आपल्या शाळेतून रजा घेऊन येणार, म्हणजे परीक्षेच्या काळात तारीखच मिळत नाही. कोणी गैरहजर राहिला आणि उरलेल्या दोघांनी साक्ष उरकली, की कर्मचाऱ्याच्या हाती आयतं कोलीत. त्याहून धोक्याचं म्हणजे शेवटी दोघांचा एक अहवाल आणि तिसऱ्याचा वेगळा. याच कारणावरून कारवाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन कोसळल्याचं उदाहरण आहे. आरोप खरे की खोटे हा प्रश्न अशा वेळी बाजूलाच पडतो. माझ्यापुरता तराजू कलला तो याच एका गोष्टीने. जी प्रक्रिया तिसऱ्या माणसाच्या सवडीवर अडते, ती उशिराने येण्याच्या किंवा टाचणवही (पाठाच्या तयारीची वही) न लिहिण्याच्या प्रकरणांत वापरू नये.

शिवाय समिती बसली की निर्णय तिचा. व्यवस्थापनाने तो अमलात आणायचा असतो, बदलायचा नसतो. अनेक संस्थाचालकांना हे फार उशिरा समजतं.

निलंबन हा त्यातलाच उपद्व्याप. शिक्षण विभागाची पूर्वमान्यता नसेल तर निर्वाह भत्त्याचा (निलंबनकाळात द्यायच्या रकमेचा) बोजा संस्थेवर येऊ शकतो. पूर्वपरवानगीशिवाय 4 महिन्यांपलीकडे निलंबन ताणताही येत नाही. पुरावा नष्ट होण्याची किंवा मुलांना धोका असण्याची खरी भीती नसेल, तर चौकशी माणूस कामावर असतानाही होऊ शकते.

आता किरकोळ शिक्षेचा मार्ग. इथे सगळी ताकद मेमोच्या मजकुरात असते. ‘आपले वर्तन समाधानकारक नाही’ हे वाक्य निकामी आहे, त्याला खुलासा तरी काय देणार? ‘3 ते 28 जानेवारी या काळात इयत्ता आठवीच्या 20 तासिकांपैकी 11 तासिकांना 10 मिनिटांहून जास्त उशीर, हजेरीपत्रकाची प्रत सोबत’ असं लिहिलं की उत्तर एकतर कबुलीचं येतं नाहीतर खऱ्या कारणाचं, आणि दोन्हींचा उपयोग होतो. एका मेमोत एकच विषय ठेवावा. उशीर, उद्धट बोलणं आणि फी-पावत्यांचा घोळ एकत्र बांधले, तर एक सुटला की बाकीचेही सैल पडतात. खुलासा आल्यावर तो का पटला नाही याच्या चार ओळी आदेशात असाव्यात. ‘खुलासा असमाधानकारक’ एवढ्याने भागत नाही. वेतनवाढ रोखायची तर आदेश वाढीच्या तारखेआधी निघावा, त्यात मुदत लिहावी, सेवापुस्तकात नोंद व्हावी आणि अनुदानित शाळा असेल तर प्रत वेतन पथकाला (पगार काढणाऱ्या शासकीय कार्यालयाला) जावी.

काम कमी पडतंय, गैरवर्तन नाही, अशा प्रकरणात तर मी याच मार्गाकडे आणखी झुकतो. नियमातली अकार्यक्षमता म्हणजे वारंवार सूचना आणि सोयी देऊनही प्रगती न ठेवणं. सूचनाच दिल्या नसतील तर आरोप उभा राहत नाही. आणि गोपनीय अहवाल, म्हणजे कामाचं वार्षिक मूल्यमापन! प्रतिकूल शेरे ऑगस्टअखेर लेखी कळवले नाहीत, तर त्या काळातलं काम समाधानकारक मानलं जातं. पाच वर्षं ‘चांगला’ लिहून सहाव्या वर्षी अकार्यक्षमतेची चौकशी लावणारी संस्था स्वतःच्याच सहीविरुद्ध लढत असते.

या मार्गाची उणीवही आहे. रोखलेली वाढ वर्षभराने सुटते, आणि कोडग्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. आदेश भरमसाट काढले तर ते छळासारखे दिसू लागतात. मात्र अधिनियमाच्या कलम 9 खालचं अपील सेवासमाप्ती, पदावनती आणि ज्येष्ठता डावलण्यासारख्या बाबींसाठी आहे, त्यामुळे ठपक्यासाठी शाळा न्यायाधिकरणाची (ही अपिलं ऐकणाऱ्या न्यायासनाची) पायरी चढावी लागत नाही. उलट सेवासमाप्ती झाली, तर कर्मचाऱ्याला अपिलासाठी 30 दिवस असतात. प्रक्रियेत चूक सापडली की मागच्या वेतनासह पुनःस्थापना होऊ शकते.

काही बाबतींत मात्र निवड करायचीच नसते. विद्यार्थ्याच्या लैंगिक छळाची माहिती मिळाली तर 2012 च्या पोक्सो (बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांच्या) कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. आधी शाळेत खातरजमा करू म्हणून थांबणं हाच गुन्हा ठरू शकतो. सहकारी स्त्रीची लैंगिक छळाची तक्रार कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याखालच्या अंतर्गत समितीकडे जाते. मुलांना मारणं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने निषिद्ध आहे. इजा झाली असेल तर ‘समज दिली’ म्हणून फाईल बंद करणं मला तरी योग्य वाटत नाही. पैशांचा अपहारही त्याच रांगेतला. अशा ठिकाणी समितीच, तीन खुर्च्यांचा त्रास धरून. प्रत्येक बैठकीचा रोजनामा (कामकाजाची नोंद) त्याच दिवशी लिहून सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात आणि पुढची तारीख उठण्याआधी ठरवावी.

मधल्या प्रकरणांत आधी दोन नीट लिहिलेले किरकोळ आदेश, मधे सुधारणेला एक पूर्ण सत्र, आणि तरीही फरक नसेल तर समिती, असा क्रम मला बरा वाटतो. तेव्हा ते जुने आदेश तारखेसह दोषारोपपत्रातच नमूद करावेत आणि प्रती जोडाव्यात. चौकशीच्या शेवटी ते अचानक बाहेर काढले, तर त्यांवर बोलायची संधीच मिळाली नाही असं कर्मचारी म्हणेल, आणि त्याचं म्हणणं बरोबर असेल.