जुन्या घराचं काम काढताय? लादी बसण्याआधी पाणी भरून बघा

नेरुळ, वाशी, कोपरखैरणे इथली सिडकोची जुनी घरं रीसेलला घेणारे पुष्कळ आहेत. अशा घरात दुरुस्ती जवळजवळ सगळीच करावी लागते. नेरुळचं आमचं घर तसंच होतं. स्लॅबचे पोपडे पडलेले, बाथरूमच्या भिंतीला ओल, लोखंडी पाइप आतून गंजून बुजलेले. सासू-सासऱ्यांना गावाहून आणायचं होतं आणि तिकडे कोपरखैरण्यात भाडं चालू होतं. ठेकेदाराने पहिल्याच भेटीत हे हेरलं. "भाडं चालू आहे ना ताई? मग दिवाळीच्या आत वास्तुशांत करून टाकू," म्हणाला. प्रकरण चालू असल्यामुळे त्याचं नाव लिहीत नाही. त्याने पैसे कसे काढले, ते मात्र सगळं लिहिते.

त्याचं कोटेशन बघून कोणाचाही विश्वास बसला असता. लादीची साइज, नळांची कंपनी, ओट्याच्या ग्रॅनाइटचा रंग, सगळं नीट लिहिलेलं. पण वॉटरप्रूफिंगपुढे फक्त 'लमसम' आणि स्लॅबच्या दुरुस्तीपुढे 'आवश्यकतेनुसार'. मी विचारलं तर म्हणाला, "ते फोडल्यावरच कळतं." हे अर्धं खरंही असतं, म्हणूनच खपून जातं. डोळ्यांना दिसणारं सगळं सविस्तर आणि झाकलं जाणारं सगळं मोघम, असं कोटेशन हातात आलं तर ते परत पाठवा.

पैशांचे हप्तेही त्याने हुशारीने बांधले होते. तोडफोड पूर्ण झाली की एकूण रकमेतला मोठा हिस्सा द्यायचा. तोडफोड हे सगळ्यात स्वस्त काम, दोन बिगारी आणि एक ब्रेकर एवढंच लागतं. पण ते झालं की घरात ना संडास उरतो ना ओटा, आणि मालक पूर्ण अडकतो. त्यानंतर रोज नवा एक्स्ट्रा निघतो आणि नाही म्हणायची सोय राहत नाही.

खरी फसवणूक बाथरूमच्या संकमध्ये झाली. जुन्या इमारतींत बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला असतो, त्या खोलगट भागाला संक म्हणतात, आणि त्यात पाइप टाकून वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरतात. गळती थांबवायची तर जुना कोबा मूळ स्लॅबपर्यंत फोडून सगळा बाहेर काढायचा, स्लॅब धुऊन त्यावर केमिकलचे कोट द्यायचे, भिंतीवरही फूटभर चढवायचे आणि मग पाणी भरून निदान ४८ तास ठेवायचं. भिंतीवर पेन्सिलने पातळीची खूण करायची आणि खालच्या घरात जाऊन छत बघायचं. कोरडं असेल तरच पुढचा कोबा, नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी जाण्याच्या जाळीकडे, उतार देऊन. कोबा झाला की पुन्हा पाणी. लादी त्यानंतर.

आमच्याकडे यातलं काहीच झालं नाही. आम्ही दोघं कामावर असताना त्याने जुना कोबा वरवर खरवडला, घरभर फोडलेल्या प्लास्टरचं डेब्रिज त्याच संकमध्ये भरलं, वर सिमेंट ओतलं आणि संध्याकाळपर्यंत लादी बसवायला घेतली. त्याचा दुहेरी फायदा झाला. केमिकल वाचलं आणि डेब्रिज वाहून नेण्याचं भाडंही वाचलं. ते भाडं आमच्या बिलात लावलेलं होतंच. पाण्याच्या टेस्टचं विचारलं तर, "कालच केली ताई, एकदम ओके."

राहायला गेल्यानंतर थोड्याच आठवड्यांत खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. त्यांच्या देवघरावर थेंब पडत होते. सोसायटीच्या उपविधींनुसार बाथरूममधून होणारी अशी गळती ज्याच्या घरातून होते, त्याने स्वखर्चाने काढायची असते, म्हणजे तो खर्चही आमच्याच अंगावर. दुसऱ्या मिस्त्रीने लादी उचलली तेव्हा आत जुन्या प्लास्टरचे ढपले, सिमेंटच्या गोणीचा तुकडा आणि गुटख्याच्या पुड्या निघाल्या. सत्तरी ओलांडलेली सासू गुडघे दुखत असताना शेजाऱ्यांच्या संडासात जात होती, त्याचा राग अजून जात नाही.

मग आम्ही बाकीचंही तपासलं. हॉलच्या स्लॅबमधल्या गंजलेल्या सळ्या त्याने घासल्याच नव्हत्या, खाली पीओपीचं फॉल्स सीलिंग लावून झाकल्या होत्या. गंज चढला की सळई फुगते आणि भोवतीचं काँक्रीट फोडते, म्हणजे वरून पुन्हा ढपले पडणारच. सळई तारेच्या ब्रशने साफ करून, गंजरोधक लावून पॉलिमर मॉर्टर भरल्याचे फोटो मागा आणि त्याआधी सीलिंगची फ्रेम ठोकू देऊ नका. गीझरला चार चौरस मिमीची जाड वायर ठरली होती, निघाली दीडची. ओट्याखालच्या प्लायवर '७१०' (पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचा मानक क्रमांक) असा शिक्का होता, पण आयएसआयची खूण आणि लायसन नंबर नव्हता. तो नंबर 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर टाकला की खरा-खोटा कळतो. प्लायचा तुकडा काही तास पाण्यात उकळून बघा. आमच्याकडच्या तुकड्याचे पापुद्रे सुटून आले.

जीएसटीचे १८ टक्के वाचतील म्हणून तो सगळी रक्कम रोख मागत होता. नवऱ्याने जिद्दीने बरीचशी रक्कम यूपीआयने दिली, तेच आता कामी येतंय. पैसे त्याच्या नव्हे तर मेहुण्याच्या खात्यात गेले आहेत, तरी व्हॉट्सअ‍ॅपवर 'मिळाले' असं त्याने लिहिलेलं आहे. आता तो फोन उचलत नाही.

पोलीस चौकीत 'हा दिवाणी मामला आहे' असं ऐकून परत आलात तरी थांबू नका. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, घटनेपासून २ वर्षांच्या आत. काम ५ लाखांपर्यंतचं असेल तर फी लागत नाही. अर्ज 'ई-जागृती' या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन भरता येतो.

फक्त पुन्हा फोडायच्या आधी सोसायटीच्या सेक्रेटरींना बोलवा, त्यांच्यासमोर व्हिडिओ काढा आणि एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी अहवाल घ्या. एकदा नवी लादी बसली की आत काय भरलं होतं, हे आयोगाला दाखवायला दुसरं काही हाती उरत नाही.