ग्रामीण काउंटीच्या उत्पन्नाचा आलेख: ‘फ्रेड’ या सेवेचे परीक्षण

सेंट लुईस येथील फेडरल रिझर्व्ह बँकेच्या (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँक व्यवस्थेची एक शाखा) संशोधन विभागाची ‘फ्रेड’ ही आकडेवारीची सेवा 1991 पासून सुरू आहे आणि ती पूर्णपणे मोफत आहे. अमेरिकेतील काउंटीचे (राज्याखालील प्रशासकीय विभाग, साधारण आपल्या जिल्ह्यासारखा) नाव टाकले की तेथील कुटुंबांच्या मध्यक उत्पन्नाचा (निम्मी कुटुंबे ज्याच्या वर आणि निम्मी खाली असतात त्या आकड्याचा) 1989 पासूनचा आलेख क्षणात समोर येतो. मोठ्या शहरी काउंटीसाठी असा आलेख काढणे अवघड नाही; या सेवेची खरी कसोटी लागते ती लहान, ग्रामीण काउंटीत. म्हणून मी पूर्व केंटकीतील आउझ्ली काउंटी निवडली. डोंगराळ भागातील या काउंटीची लोकसंख्या 2020 च्या जनगणनेत अवघी 4,051 होती आणि देशातील सर्वांत गरीब काउंट्यांमध्ये तिचे नाव अनेक वर्षे घेतले जाते.

आलेखातील आकडे फ्रेड स्वतः तयार करत नाही. ते अमेरिकी जनगणना विभागाच्या ‘सायपी’ या, लहान भागांतील उत्पन्न व गरिबीचे अंदाज काढणाऱ्या कार्यक्रमातून येतात, आणि तो कार्यक्रम का लागतो हे समजून घेतल्याशिवाय आलेख नीट वाचता येत नाही. दरवर्षी होणाऱ्या ‘अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे’ या जनगणना विभागाच्या नमुना पाहणीचे एका वर्षाचे निष्कर्ष केवळ 65,000 किंवा त्याहून अधिक लोकवस्तीच्या भागांसाठी प्रसिद्ध होतात, त्याहून लहान काउंटीसाठी पाच वर्षांची उत्तरे एकत्र केलेला आकडाच मिळतो. आउझ्लीसारख्या ठिकाणी एका वर्षात पाहणीत येणारी घरे इतकी थोडी असतात की केवळ त्यांच्यावरून काढलेला मध्यक दरवर्षी विनाकारण वरखाली होईल. सायपीमध्ये म्हणून पाहणीतील थेट आकड्याला प्राप्तिकर विवरणपत्रांसारख्या सरकारी नोंदींवर उभ्या केलेल्या सांख्यिकी प्रतिमानाची (मॉडेलची) जोड दिली जाते, आणि नमुना जितका लहान, तितका प्रतिमानाचा भार अधिक असतो. ही पद्धत मला अत्यंत योग्य वाटते. मात्र तिचा एक परिणाम लक्षात ठेवला पाहिजे: एखाद्या काउंटीला अचानक बसलेला आर्थिक धक्का जितका त्या नोंदींत उमटेल, जवळपास तितकाच तो आकड्यात दिसेल.

फ्रेडबद्दल माझी मुख्य तक्रार येथेच आहे. प्रत्येक अंदाजासोबत जनगणना विभाग 90 टक्के विश्वास अंतराल, म्हणजे खरा आकडा ज्या दोन मर्यादांमध्ये असण्याची बरीच खात्री आहे तो पट्टा, देतो, परंतु फ्रेडच्या मूळ आलेखावर मात्र एकच ठाम रेघ दिसते. अंतरालाची खालची आणि वरची मर्यादा या फ्रेडवर स्वतंत्र मालिका म्हणून ठेवलेल्या आहेत आणि आलेख संपादित करून त्या जोडता येतात. हे दोन मिनिटांचे काम प्रत्येकाने करावेच, कारण लागोपाठच्या दोन वर्षांचे अंतराल मोठ्या प्रमाणात एकमेकांवर येत असतील, तर ‘उत्पन्न वाढले’ असे विधान त्या आकड्यांच्या आधारे करता येत नाही. लहान काउंटीत मी चार-पाच वर्षांच्या अंतराने तुलना करणेच पसंत करतो.

काळाच्या ओघात तुलना करताना आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली म्हणजे मालिका सलग नाही: 1989 नंतर थेट 1993, मग 1995, आणि 1997 पासून पुढे दरवर्षीचे आकडे आहेत, शिवाय 2005 पासून प्रतिमानाचा आधार बदलून त्याआधीच्या ‘करंट पॉप्युलेशन सर्व्हे’ या दुसऱ्या, लहान नमुन्याच्या पाहणीऐवजी कम्युनिटी सर्व्हे आला, त्यामुळे त्या वर्षापलीकडची तुलना जपून करावी. दुसरी गोष्ट महागाईची. आलेखातील डॉलर त्या त्या वर्षाचे असतात. 2000 च्या जनगणनेत आउझ्लीचे 1999 सालचे मध्यक उत्पन्न 15,805 डॉलर नोंदले गेले. ग्राहक किंमत निर्देशांकाने ते 2023 च्या भावात सुमारे 28,900 डॉलर होते. हा हिशेब न करता चढती रेघ पाहणारा वाचक गरीब काउंटीची प्रगती आहे त्यापेक्षा कितीतरी अधिक मानून बसेल. समाधानाची बाब ही की निर्देशांकाची मालिकाही फ्रेडवरच आहे आणि एका मालिकेला दुसरीने भागण्याचे सूत्र तेथल्या तेथे लिहिता येते.

‘दरडोई वैयक्तिक उत्पन्न’ हीसुद्धा काउंटीनिहाय मालिका तेथे मिळते, पण ती मध्यकाच्या जागी वापरू नये. ती सरासरी आहे, आणि मेडिकेअर (मुख्यतः वृद्धांसाठी) व मेडिकेड (गरिबांसाठी) यांसारख्या सरकारी आरोग्य विमा योजनांतून होणारा आरोग्यखर्चही तिच्यात धरला जातो. मध्यक उत्पन्नात केवळ रोख उत्पन्न मोजले जाते. सरकारी साहाय्यावर अवलंबून असलेल्या काउंटीत हा फरक मोठा पडतो. महाराष्ट्राच्या आर्थिक पाहणीतील जिल्हानिहाय दरडोई उत्पन्न वाचण्याची सवय असलेल्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे, कारण तो आकडाही सरासरीच आहे आणि सर्वसाधारण कुटुंबाच्या हाती काय पडते हे तो सांगत नाही.

काउंटीच्या आतील गावे किंवा वस्त्या यांची तुलना हवी असेल, तर ही मालिका उपयोगी पडणार नाही. त्यासाठी जनगणना विभागाच्या संकेतस्थळावरील पाच वर्षांचे निष्कर्षच घ्यावेत, आणि तेही 2010–2014 व 2015–2019 असे, एकमेकांवर न येणारे कालखंड निवडून.