नव्या रंगाचा जुना गिअरबॉक्स

आधी आकडा सांगतो, म्हणजे लाज एकदाच वाटेल. एका गिअरबॉक्सपायी गेले १,८९२ पौंड ५० पेन्स. रुपयांत करून बघू नका. मी एकदा केलं आणि त्या रात्री जेवण गेलं नाही.

मी इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. गॅरेजात लोटस सेव्हनच्या धर्तीची एक किट कार (सुट्या भागांतून घरी जोडायची गाडी) आहे, जुनी, दुसऱ्याने जोडलेली, मी सहा वर्षांपूर्वी घेतलेली. वजन साडेपाचशे किलोच्या आत, दार नाही, छप्पर नावापुरतं. कॉलिन चॅपमनने १९५७ साली लोटस सेव्हन काढली तेव्हा गाडी सुट्या भागांत विकली की खरेदी कर वाचायचा, म्हणून लोक घरीच जोडायचे. कर गेला, पण घरी पाने घेऊन बसायची खोड राहिली. ती मलाही आहे. सांगलीत बाबांबरोबर स्कूटरचं इंजिन दोनदा उतरवून बसवलंय मी. हे मुद्दाम सांगतोय, कारण ‘याला गाडीतलं काही कळत नसेल’ असं वाचणाऱ्याला वाटणार. कळतं. तरी फसलो.

गाडीत फोर्डचा टाइप नाइन गिअरबॉक्स, पाच गिअरचा, त्यांच्याच सिएरा गाडीतला. दुसरा टाकताना कर्रर्र करायचा. त्यात पहिला गिअर ३.६५ चा (मागचा शाफ्ट एकदा फिरायला इंजिन ३.६५ वेळा फिरतं), म्हणजे एवढ्या हलक्या गाडीला फारच आखूड; निघालो नाही तोच बदला. २.८ लिटर व्ही-सिक्स, म्हणजे सहा सिलिंडरच्या इंजिनाच्या बॉक्समध्ये पहिला ३.३६ चा असतो, म्हणून त्याला मागणी. मला जाहिरात दिसली: पूर्ण खोलून नव्याने बांधलेला, व्ही-सिक्सच्या गिअरांचा, लांब इनपुट शाफ्ट (इंजिनाकडचा दांडा) आखूड करून दिलेला, १,४५० पौंड, तुमचा जुना बॉक्स बदल्यात द्यायचा. ३०० आगाऊ, बाकीचे ११५० माल घेताना.

फोनवर माणूस तासभर बोलला. बेअरिंगं, गिअर अलगद पडायला लागणाऱ्या सिंक्रो रिंगा, कुठला सील कोणता, सगळं तोंडपाठ. आपल्यापेक्षा जास्त कळणारा माणूस भेटला की आपण विद्यार्थी होतो आणि विद्यार्थी गुरुजींना बिल मागत नाही. तिथे मी गेलो.

स्टोकच्या पलीकडे भाड्याचं शटर. व्हॅनचं भाडं ६८. उचलायला माझा कोल्हापूरचा मित्र सोबत. गिअरबॉक्स टेबलावर, चंदेरी रंगात न्हालेला, नवरीसारखा. आम्ही दोघांनी उचलला, व्हॅनमध्ये चढवताना शेपटीकडची बाजू खाली झाली, आणि माझ्या अंगठ्यावर तेलाचा थेंब पडला. काळा. पुसला तर त्यात बारीक चमचम, आणि जुन्या गिअर ऑइलला येतो तो सडक्या अंड्याचा वास.

हा क्षण. मी रोज रात्री इथे परत येतो. नव्याने बांधलेला बॉक्स कोरडा येतो. आत फार तर जोडणीच्या वेळी लावलेलं स्वच्छ ग्रीस. तेल आपण भरतो. हे मला माहीत होतं! मित्र मराठीत म्हणाला, “भावा, ह्यो खोललेला न्हाई.” समोर तो माणूस उभा, त्याला मराठी येत नाही, तरी मलाच अवघडल्यासारखं झालं आणि मी मित्राला म्हटलं, “गप रे, चाचणीला तेल घातलं असेल.” त्या माणसाला विचारायच्या आत त्याचं उत्तर मीच तयार करून दिलं. त्या माणसाला खोटं बोलायचेही कष्ट पडले नाहीत.

मग पैसे. मोबाइलवर खात्याचा नंबर टाकला, बँकेचा पडदा म्हणाला नाव जुळत नाही. तो म्हणाला, खातं बायकोच्या नावावर आहे. मी पुढे जा दाबलं. माझा जुना बॉक्सही तिथेच सोडला.

(नाव जुळत नसेल तर पैसे पाठवू नका. बायको, मेव्हणा, आजी, कोणाचंही असो.)

सेव्हनमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच वर काढावं लागतं, त्यासाठी क्रेन भाड्याने, शनिवार-रविवारचे ३५. तेल ३१.५०, गॅस्केट १८. बसवला. पहिला गिअर मला ‘थोडा लांब’ वाटला. वाटणारच, पैसे दिले होते. माझ्या डिफरन्शियलला ३.६५ आणि ३.३६ मध्ये सहा हजार आरपीएमला ताशी तीन मैलांचाही फरक पडत नाही, तो पायाला काय कळणार? बाहेर असतानाच मोजायचं असतं: पहिला टाका, खडूने खूण करा, मागचा शाफ्ट दहा वेळा फिरेपर्यंत पुढचा किती फिरतो ते मोजा. साडेछत्तीस झाले तर साधा, साडेतेहतीसच्या थोडं पुढे थांबला तर व्ही-सिक्स. पाच मिनिटांचं काम, शटरमध्येच. आणि शाफ्ट आखूड केला असेल तर टोक लेथवर घेतल्यासारखं दिसतं. माझ्याचं टोक मातकट होतं. पाहिलं होतं. बोललो नाही.

१९० मैलांवर घरघर सुरू झाली. चौथा सोडून सगळ्या गिअरमध्ये. चौथा थेट असतो, त्यात लेशाफ्टवर, म्हणजे आतल्या समांतर दांड्यावर, भार येत नाही. म्हणजे लेशाफ्टची बेअरिंगं गेली. पुन्हा क्रेन, पुन्हा ३५. जाणकाराकडे खोलायला दिला, १४० पौंड. नीडल बेअरिंगांना खड्डे, दुसऱ्याची सिंक्रो रिंग झिजलेली, गिअर साधे ३.६५ चे. रंगाच्या थराखाली जुना तेलाचा चिकटा तसाच; नखाने खरवडला तर पापुद्रा निघाला. रंग दिसला की नख लावा. विकणाऱ्याला राग आला तर येऊ दे.

तोवर त्याचा फोन बंद.

आता तक्रारींचं ऐका. बँकेच्या फोनवर एक्केचाळीस मिनिटं संगीत. इथे ७ ऑक्टोबर २०२४ पासून नियम आहे, फसवून पैसे पाठवायला लावले तर बँकेने ८५,००० पौंडांपर्यंत परत द्यायचे. मी हुरळलो. बाई गोड आवाजात म्हणाल्या, “पण वस्तू मिळाली ना तुम्हाला? मग हा खासगी व्यवहारातला वाद, यात हा नियम लागत नाही.” वर, नाव जुळत नसल्याची सूचना आम्ही दिली होतीच, हेही. म्हणजे त्याने रिकामं खोकं दिलं असतं तर मी पीडित. भंगार दिलं म्हणून मी गिऱ्हाईक! पोलिसांनी तक्रार नोंदवायला फोन नंबर दिला, तिथून क्रमांक आला, पाच आठवड्यांनी पत्र आलं की पुढे तपास होणार नाही. पत्रात भावनिक आधारासाठी एक हेल्पलाइन होती. कौन्सिलच्या व्यापार विभागाला नागरिक थेट फोन करू शकत नाही. आधी दुसऱ्या हेल्पलाइनला करायचा, ती ‘माहिती पुढे पाठवते’. कुणाकडे, सांगत नाही. आणखी एक क्रमांक. मी चौकशी केली की आतापर्यंत अशा किती तक्रारी त्याच शटरबद्दल आल्यात, तर गोपनीयता. त्याची! छोट्या दाव्यांच्या कोर्टात ११५ पौंड भरून दावा लावला. समन्स परत: इथे कोणी राहत नाही. शटर ते, राहणार कोण?

क्रेडिट कार्डाने दिले असते तर गोष्ट वेगळी. १०० ते ३०,००० पौंडांच्या वस्तूला १९७४ च्या कायद्याने कार्ड कंपनीही जबाबदार. तो म्हणाला होता मशीन बिघडलंय. मशीन बिघडलेल्या माणसाकडे जाऊ नका. आणि नवीन चालवून पाहिल्याशिवाय जुना हातातून सोडू नका, कर्रर्र करत असला तरी.

कारण गेल्या आठवड्यात जाहिरात दिसली. वेगळं नाव, वेगळा नंबर, नव्याने बांधलेला टाइप नाइन, १,४९५ पौंड. फोटोत चंदेरी रंग. पण टाइप नाइनला तेल काढायचं बूच मुळात नसतंच. मी माझ्याला स्वतः ड्रिल मारून पितळी बूच बसवलं होतं, जरा तिरकं, कारण शेवटी ड्रिल घसरलं होतं. ते तिरकं बूच फोटोत दिसतंय. रंग त्याच्यावरूनही मारलाय.

हेल्पलाइनला फोन केला. म्हणाले, विक्रेत्याचं नाव वेगळं आहे, जुन्या तक्रारीला जोडता येणार नाही. नवीन फॉर्म भरा. भरला. तिसरा क्रमांक आलाय.