जुन्या जर्मन सेडानच्या इंधनप्रणालीवर प्रेशर गेज आणि स्कॅनर: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

हा अनुभव दोन साधनांचा आहे: यांत्रिक फ्युएल प्रेशर गेज आणि ओबीडी पोर्टला (गाडीतल्या संगणकाची माहिती वाचण्याच्या सॉकेटला) लागणारा साधा ब्लूटूथ स्कॅनर. ही दोन्ही साधने मी २००९ सालच्या, सहा सिलिंडरांच्या एका जर्मन पेट्रोल सेडानवर उन्हाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत वापरली. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर या गाडीची पुनर्नोंदणी करून ती ठेवायची असे घरात ठरले होते, त्यामुळे तिच्या इंधनाच्या जुनाट तक्रारींचा एकदा मुळापासून शोध घेणे आवश्यक होते.

तक्रारी आलटून पालटून येत असत. उन्हात गाडी चालवून पंधरा-वीस मिनिटे उभी केली की पुन्हा सुरू करताना सेल्फ खूप लांबत असे. चढावर किंवा वेगात पुढे काढताना पिकअप मरत असे आणि कधीकधी चेक इंजिनचा दिवा लागत असे. टाकी पावभर राहिली की वळणावर इंजिन झटके खाऊन बंद पडत असे, आणि काटा मात्र पेट्रोल असल्याचे दाखवत असे. गॅरेजमध्ये प्रत्येक वेळी एकच उत्तर मिळे, ‘साहेब, पंप बसलाय, बदलून टाकू.’ पंप बदलल्यावर काही आठवडे गाडी खरोखरच चांगली चालत असे, आणि त्यामुळेच निदान बरोबर होते असा समज सर्वांचा होत असे.

स्कॅनर असताना गेज कशाला, असा प्रश्न अनेकांनी विचारला. या पिढीच्या बहुतेक पोर्ट इंजेक्शन इंजिनांत (ज्यांत पेट्रोल सिलिंडरबाहेर, हवेच्या वाटेत फवारले जाते) फ्युएल रेलवर, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर, दाब मोजणारा सेन्सर नसतो. दाब ठरल्याप्रमाणे आहे असे इसीयू (इंजिन नियंत्रित करणारा संगणक) गृहीत धरतो आणि ऑक्सिजन सेन्सरच्या वाचनावरून इंजेक्टर उघडे ठेवण्याचा वेळ कमीजास्त करतो. या दुरुस्तीच्या टक्केवारीला ट्रिम म्हणतात. म्हणजे दाब कमी पडल्याचा परिणाम स्कॅनरवर दिसतो, पण खुद्द दाब दिसत नाही. पी ०१७१ आणि पी ०१७४ हे दोन्ही बँकांचे (सिलिंडरांच्या दोन गटांचे) लीन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी असल्याचे, कोड एकत्र आले, तर कारण दोन्ही बँकांना सामाईक आहे एवढेच त्यातून कळते. ते कारण पंप असेल, फिल्टर असेल, हवा मोजणारा सेन्सर असेल किंवा कुठून तरी आत शिरणारी हवा असेल.

गेज जोडणे माझ्या गाडीत सोपे होते, कारण रेलच्या टोकाला टायरच्या वाल्व्हसारखाच चाचणी वाल्व्ह आहे. जिथे तो नसतो तिथे रबरी नळीत टी-जोड बसवावा लागतो. त्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे आणि लाइनमधला दाब उतरवावा. मुंबईतल्या वाचकांना इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. हे काम इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये करू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचते आणि लांबच्या ठिणगीपर्यंतही पोहोचू शकते. मी ते नेहमी उघड्यावर, थंड इंजिनावर आणि पावडरचे अग्निशामक शेजारी ठेवूनच केले.

पहिला शोध गरम इंजिनावर लांबणाऱ्या सेल्फचा. या गाडीचा ठरलेला दाब ३.५ बार आहे आणि इंजिन चालू असताना काटा तिथेच स्थिर होता. इंजिन बंद केल्यावर तो बराच वेळ टिकायला हवा होता, पण काही मिनिटांतच एक बारच्या खाली आला. गाडी बंद केल्यावर बॉनेटखालचे तापमान काही काळ वाढतच राहते. दाब नसेल तर रेलमधल्या पेट्रोलची वाफ होते आणि सेल्फ मारताना आधी ती वाफ बाहेर निघावी लागते. रात्रभर उभी राहिलेली गाडी त्यामानाने लवकर का सुरू होते, याचा उलगडा इथे झाला. गळती कोणत्या बाजूला आहे हे पाहण्यासाठी लाइनमध्ये टी-जोड बसवून त्याच्या टाकीकडच्या बाजूला बंद करता येणारा कॉक लावला. तो बंद केल्यावर रेलमधला दाब टिकला, म्हणजे इंजेक्टर निर्दोष होते. पंप नवा होता, त्याचा पेट्रोल मागे न जाऊ देणारा चेक वाल्व्हही नवा होता. उरला दाब ठरावीक ठेवणारा प्रेशर रेग्युलेटर, जो या गाडीत फिल्टरच्या आतच बसवलेला आहे. फिल्टर बदलल्यावर ही तक्रार पुन्हा आली नाही. नळी चिमटीने दाबून हीच चाचणी करण्याची पद्धत आहे, पण प्लास्टिकच्या लाइनवर चिमटा कधीही लावू नये, ती तडकते.

पिकअपची तक्रार उभ्या गाडीत कधीच दिसली नाही, आणि गॅरेजमधले निदान बहुधा याच कारणाने फसत असावे. मी गेजची लांब नळी बॉनेटच्या कडेने बाहेर काढून, गरम भागांपासून दूर बांधून, काटा वायपरखाली काचेवर ठेवला. शेजारी बसलेल्या व्यक्तीने तो वाचायचा आणि मी फक्त रस्ता पाहायचा, अशी विभागणी केली. पहाटेच्या रिकाम्या ईस्टर्न फ्रीवेवर गाडी स्थिर वेगात असेपर्यंत दाब ठीक राहिला. पूर्ण ॲक्सिलरेटर दिल्यावर तो २.८ बारपर्यंत घसरला, आणि त्याच क्षणी स्कॅनरवर ट्रिम वर चढले. हवेची गळती असती तर ट्रिम आयडलवर जास्त आणि वेगात कमी झाले असते. इथे उलटे घडत होते, म्हणजे पेट्रोलच अपुरे पोहोचत होते.

तरीही पंप दोषी नव्हता. मागच्या सीटखाली टाकीच्या झाकणावर पंपाचा कनेक्टर आहे. तो काढून मल्टिमीटर लावला तर बॅटरीइतकेच व्होल्टेज दिसते, कारण तेव्हा तारेतून प्रवाह जवळजवळ वाहतच नाही. कनेक्टर जोडलेला आणि पंप चालू असताना मागून पिनला टोक लावून मोजले, तेव्हा बॅटरीवर १३.८ आणि पंपावर जेमतेम १०.९ व्होल्ट मिळाले. एक पिन तापून काळी पडली होती. मुंबईच्या खारट, दमट हवेत पंधरा वर्षे काढलेल्या पितळी पिनांची अशी अवस्था व्हावी यात आश्चर्य नाही. व्होल्टेज कमी झाले की पंपाचा वेग घटतो आणि नेमक्या जास्त मागणीच्या वेळी तो कमी पडतो. प्रत्येक नव्या पंपानंतर काही आठवडे गाडी का चालत होती, तेही इथे स्पष्ट झाले. कनेक्टर काढताना आणि घालताना पिन घासून निघत होती, आणि नव्या पंपाची ताकद उरलेली तूट भरून काढत होती. पिना आणि वायरचा तेवढा तुकडा बदलल्यावर तोटा अर्ध्या व्होल्टच्या आत आला.

टाकी पावभर असताना बंद पडण्याचे कारण टाकीच्या आकारात होते. मागची चाके ओढणाऱ्या अनेक सेडानमध्ये प्रॉपेलर शाफ्टला जागा देण्यासाठी टाकी खोगिराच्या आकाराची असते. तिचे दोन कप्पे होतात आणि पंप एकाच कप्प्यात असतो. दुसऱ्या कप्प्यातले पेट्रोल इकडे आणण्याचे काम जेट पंप करतो. त्याला मोटर नसते. पंपाकडून येणाऱ्या जादा पेट्रोलची धार बारीक तोंडातून जाते आणि तिच्या ओढीने पलीकडचे पेट्रोल खेचले जाते. ते तोंड कचऱ्याने तुंबले की पलीकडचा कप्पा भरलेला राहतो आणि पंपाचा कप्पा कोरडा पडतो. डॅशबोर्डवरचा काटा मात्र दोन्हींची बेरीज दाखवतो. साध्या स्कॅनर ॲपमध्ये ही बेरीजच दिसते. या कंपनीच्या गाड्यांसाठी असलेले वेगळे ॲप घेतल्यावर डावी-उजवी पातळी स्वतंत्र दिसली आणि डावीकडचा, म्हणजे पलीकडच्या कप्प्याचा, आकडा हलतच नाही हे लक्षात आले. पेट्रोल हेच पंपाला थंडही ठेवते, त्यामुळे वारंवार कोरडा चाललेला पंप लवकर खराब होतो. आधीचे पंप खरोखरच खराब झाले असतील, तर ते बहुधा याच कारणाने.

आता ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलविषयी, कारण जुन्या गाडीत त्याचा विचार न करता ट्रिमचे आकडे वाचताच येत नाहीत. शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलसाठी सुमारे ९ पट. वीस टक्के मिश्रणात हे प्रमाण १३.५ च्या आसपास येते. त्यामुळे शुद्ध पेट्रोलसाठी बेतलेल्या इंजिनात, काहीही बिघाड नसताना, लाँग टर्म (दीर्घकाळ टिकणारा) ट्रिम सात-आठ टक्के वर बसतो. इसीयूची भरून काढण्याची मर्यादा तेवढ्याने आधीच खर्च झालेली असते आणि पूर्वी जो किरकोळ दोष दिव्याविना निभावला असता, तो आता कोड आणतो. इथेनॉल पाणी ओढून घेते, जुना थर सोडवते आणि त्याला न टिकणारे रबर फुगवते. गाडी पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवावी, म्हणजे आत दमट हवेला जागा कमी उरते. सगळ्या दुरुस्त्या झाल्यावर माझ्या गाडीचा ट्रिम आठच्या आसपास स्थिर आहे आणि मी तो निरोगी मानतो.

साधनांविषयी सांगायचे तर गेज दोन-तीन हजार रुपयांत येतो आणि पितळी जोड असलेलाच घ्यावा. माझ्या संचातली रबरी ओ-रिंग पावसाळ्यातच फुगली. तिच्या जागी व्हायटन या इंधनाला टिकणाऱ्या रबराची बसवली, ती टिकली आहे. काम झाल्यावर दाब सोडण्याचे बटण दाबून नळीतले पेट्रोल बंद डब्यात रिकामे करावे. दाब सोडण्याचे बटण नसलेला गेज मी घेणार नाही. स्वस्त ब्लूटूथ स्कॅनरचे आकडे सावकाश बदलतात, म्हणून एका वेळी दोन-तीनच वाचने निवडावीत, नाहीतर क्षणभराची घसरण निसटून जाते.

हा गेज थेट इंजेक्शनच्या (सिलिंडरमध्येच पेट्रोल फवारणाऱ्या) इंजिनांना सरसकट लावू नये. त्यांच्या रेलमधला दाब शंभर-दोनशे बारपर्यंत असतो, तिथे ही नळी फुटेल आणि जीवघेणी इजा होईल. अशा गाडीत तो फक्त टाकीपासून उच्चदाब पंपापर्यंतच्या कमी दाबाच्या लाइनवर लावावा, आणि रेलचा दाब स्कॅनरवर वाचावा, कारण तिथे त्यासाठी सेन्सर बसवलेला असतो.