गोधडीसाठी विकत घेतलेलं कापड: नऊ महिन्यांच्या धुण्यानंतर

गेल्या जूनमध्ये मी आयुष्यात पहिल्यांदा गोधडीसाठी कापड विकत आणलं. सासूबाई माण तालुक्यातल्या. तिकडे गोधडीला वाकळ म्हणतात, आणि वाकळेसाठी पैसे मोजून कापड आणणं म्हणजे त्यांच्या लेखी गोठा भरलेला असताना गोवऱ्या विकत आणणं. "अगं, जुनेरं संपली का घरातली?" एवढंच त्या म्हणाल्या. संपली नव्हती. पण आमच्या घरातून हल्ली जी जुनेरं निघतात ती जॉर्जेट, लेगिंग आणि जाहिरातींचे टी-शर्ट. त्यांची वाकळ होत नाही हे त्यांनाही ठाऊक होतं.

तेव्हापासून मार्चअखेरपर्यंत तीन गोधड्या झाल्या. तिन्हींचं कापड तीन वेगळ्या ठिकाणांहून आणलेलं, आणि तिन्ही रोजच्या वापरात आहेत. पहिली बारा वेळा धुतली, दुसरी आठ, तिसरी चार. गादीवर पसरून काढलेल्या नव्या गोधडीच्या फोटोवरून कापडाचं काही कळत नाही, म्हणून इतके दिवस थांबून आता लिहिते आहे.

पहिलं कापड घरबसल्या मागवलं. दहा इंची चौकोनांचा गठ्ठा, २० तुकडे, वर सॅटिनची रिबीन. सांगानेरी छापे, पांढऱ्या जमिनीवर बारीक बुट्टे, अधूनमधून लालभडक आणि गडद निळे तुकडे. गठ्ठा ६४० रुपयांना. एकेरी गोधडीला सहा आडवे, नऊ उभे असे ५४ चौकोन लागतात. दोन्हीकडून पाव-पाव इंच शिवणीत गेला की दहाचा साडेनऊ उरतो, म्हणजे तयार गोधडी ५७ बाय साडेपंच्याऐंशी इंच. म्हणून तीन गठ्ठे घेतले. १,९२० रुपये. आईंना, म्हणजे सासूबाईंना, मी आकडा सांगितला नाही.

दिसायला सुरेख होते, त्यात वाद नाही. पण कडा नागमोडी कात्रीने कापलेल्या, आणि दहा इंच धरायचे ते दात्याच्या टोकापासून की खाचेपासून, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी टोकापासून मोजलं, तरी निम्मे तुकडे एक-दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) कमी भरले. सात-आठ तर धाग्याला तिरके कापलेले. असा तुकडा उरेबासारखा, म्हणजे तिरप्या कापलेल्या पट्टीसारखा, ताणला जातो, आणि शेजारच्या सरळ तुकड्याला जोडला की मध्ये झोळ येतो. कापायचे श्रम वाचावेत म्हणून गठ्ठा घेतला, ते सगळे उसवण्यात गेले.

मग रंग. ऑगस्टमध्ये पहिल्यांदा धुतली आणि मशीनचं झाकण उघडलं तर आत डाळिंबाच्या रसासारखं पाणी. लालच्या शेजारचे सगळे पांढरे चौकोन गुलाबी. शेजारणीने मीठ सांगितलं, बहिणीने व्हिनेगर. दोन्ही करून पाहिलं, दोन्हींनी काही झालं नाही. रंगवताना जो रंग धाग्यात बसलाच नाही तो मागाहून मिठाने बसत नाही. उपयोग झाला तो भरपूर गरम पाण्याचा. गोधडी वाळू न देता टबात बुडवून ठेवली, साबण सढळ हाताने घातला, पाणी लाल झालं की ओतून दिलं. सहा पाणी बदलली. गुलाबी रंग बहुतेक निघून गेला. एक कोपरा टबाबाहेर लोंबत राहून वाळला होता, तिथला डाग आजही आहे.

विक्रेत्याला कळवलं तर उत्तर आलं, "हाताचा छापा आहे, रंग थोडा जाणारच." हे मला पटलेलं नाही. छापा हाताने मारला म्हणून रंग कच्चा असायलाच हवा असं कुठे आहे? कच्छमधल्या धमडक्याचे खत्री कारागीर अजरख, म्हणजे लाकडी ठशांनी छापलेलं कापड, करतात, तर त्यांच्या कामात धुण्याच्या पायऱ्या इतक्या की सगळी भिस्त पाण्यावर. २००१ च्या भूकंपानंतर तिथल्या पाण्यात लोह वाढलं आणि रंग नीट येईनात, तेव्हा अनेक कुटुंबांनी उठून अजरखपूर हे नवं गाव वसवलं. मी तिसऱ्या गोधडीत दोन मीटर अजरख वापरलं. पहिल्या दोन धुण्यांपर्यंत हात घासला की बोटं निळसर व्हायची. निळीचा तो स्वभावच आहे. शेजारच्या पांढऱ्यावर मात्र ठिपकासुद्धा नाही.

तर तेव्हापासून कुठलंही कापड आणलं की त्याचा हातरुमालाएवढा तुकडा आणि एक पांढरं फडकं गरम पाण्यात रात्रभर एकत्र भिजवते. सकाळी फडकं पांढरं असेल तरच कापड कपाटात जातं. तुकडा वाळवून शंभरपानी वहीत टाचते, शेजारी त्याच ताक्याचा न धुतलेला तुकडा, खाली भाव आणि तारीख. वही आता इतकी फुगली आहे की मिटत नाही.

दुसऱ्या गोधडीसाठी मुंबई गाठली. सकाळची डेक्कन क्वीन, मग सीएसएमटीहून चालत मंगळदास मार्केट. ते रविवारी बंद असतं. माझी पहिली फेरी रविवारीच झाली, त्याबद्दल जास्त विचारू नका. आतल्या गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून डोक्यावर ताके घेऊन हमाल आला की आपण मुकाट्याने एखाद्या दुकानाच्या पायरीवर चढायचं.

"कॉटन दाखवा" म्हटलं की तिथे समोर काहीही येऊन पडतं. "साठ-साठ, ब्याण्णव-अठ्ठ्याऐंशी कॅम्ब्रिक" म्हटलं की दुकानदार एकदा आपल्याकडे बघतो आणि मागच्या फळीवरून वेगळे ताके काढतो. कॅम्ब्रिक म्हणजे तलम, घट्ट विणीचं सुती कापड. ताणा-बाणा (उभे-आडवे धागे) दोन्ही ६० नंबरच्या सुताचे, आणि एका इंचात उभे धागे ९२, आडवे ८८, असा त्या आकड्यांचा अर्थ. गोधडीच्या वरच्या थराला याहून बरं कापड मला अजून सापडलेलं नाही. सुई अडत नाही, दशा फार सुटत नाहीत, आतला थर वर दिसत नाही. मला १३० ते १५० रुपये मीटरने मिळालं. मलमल अंगाला जास्त मऊ, पण तिच्यातून आतल्या साडीचे काठ दिसतात आणि शिवणीवर ताण आला की ती फिसकते. बाळाच्या दुपट्याला घ्या, मोठ्या माणसाच्या गोधडीला नको. दोन मीटर घेऊन मी शिकले.

आता मापाचं, कारण इथे पैसे वाचतात. पन्हा (कापडाची रुंदी) ४४ इंच सांगतात. प्रत्यक्षात ४३ भरतो, आणि धुऊन, किनारी काढून ४१ उरतो. त्यात आडवे चार चौकोन बसतात. एक मीटर लांबी म्हणजे सव्वाएकोणचाळीस इंचांहून थोडी जास्त, आटून अडतीसच्या आसपास. त्यात तीन ओळी, म्हणजे १२ चौकोन, आणि वर आठ इंचांची पट्टी वाया. सव्वा मीटर घेतलं तर चार ओळी बसतात, १६ चौकोन. दुकानदार वाकडं कापतो (कापतोच), तेही त्यात सांभाळलं जातं. अख्ख्या गोधडीच्या वरच्या थराला मला साडेचार मीटरही पुरे झालं. साधारण ६३० रुपये. रिबीनवाल्या गठ्ठ्यांचा आकडा वर आहेच.

तिथेच फसलेही. एका गाळ्यात मोरपंखी रंगाचं कापड होतं, हातात घेतलं तर गार, मऊ, झुळझुळीत. "प्युअर कॉटन, मॅडम." मी मोठ्या ऐटीत एक धागा काढून काडीने जाळून दाखवायला सांगितलं. धागा कागदासारखा जळला, वास कागदाचा, राख भुरभुरीत. घेतलं. निघालं रेयॉन. जाळून पॉलिएस्टर पकडता येतं, रेयॉन नाही. पॉलिएस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी होतो. रेयॉन लाकडाच्या लगद्यापासून बनतं, त्यामुळे ते सुतासारखंच जळणार. त्याची परीक्षा पाण्यात. एक धागा जिभेवर ओला करून ओढायचा: रेयॉनचा ओल्या जागी पटकन तुटतो, सुताचा ओला झाला की उलट चिवट होतो. पन्नास सेंटीमीटरचा चौकोन आखून धुतला तर कॅम्ब्रिक साडेअठ्ठेचाळीसवर थांबलं, रेयॉन साडेशेहेचाळीसवर. दुसऱ्या गोधडीतले सहा मोरपंखी चौकोन त्यामुळे चारही बाजूंनी चुण्या पडून बसलेत. लोकांना ती नक्षी वाटते.

या गोधडीच्या अस्तराला मी १०८ इंची पन्ह्याचं चादरीचं कापड घेतलं, पावणेदोन मीटर. मध्ये जोड नको म्हणून. हिशेब बरोबर होता, कापडही उत्तम, पण वीण इतकी घट्ट की धावदोरा घालताना सुई आत जाईना. अंगठ्याला भोकं पडली. चौथ्या दिवशी हाताचा नाद सोडून मशीनवर सरळ टिपा मारल्या. हाताने घालणार असाल तर चादरीचं कापड घेऊ नका. मशीनवर करणार असाल तर जरूर घ्या, आठ धुण्यांत त्याला काही झालेलं नाही.

आत काय घालावं यावर माझं मत अजून डळमळीत आहे. पहिल्या दोन्हींत २०० जीएसएमची (चौरस मीटरला २०० ग्रॅम भरणारी) पॉलिएस्टर वॅडिंग, म्हणजे तंतूंचा फुगीर थर, घातली. ती हलकी असते आणि पावसाळ्यातही रात्रीत वाळते, हे काही कमी नाही. पण सहाव्या धुण्यानंतर, जिथे टिपांमध्ये पाच-सहा इंच अंतर होतं तिथे ती गोळा व्हायला लागली, आणि मलमलीच्या चौकोनांतून पांढरे तंतू बाहेर डोकावतात. ओढले तर आणखी येतात. पुण्याच्या डिसेंबरात ऊब छान, फेब्रुवारीत मध्यरात्री लाथ मारून बाजूला.

तिसऱ्या गोधडीच्या वेळी आई स्वतः बरोबर आल्या. रविवार पेठेत, कापडगंजात. एका दुकानात कटपीस किलोवर मिळतात, ३८० रुपये किलो. महाग वाटतं, पण कॅम्ब्रिकचं एक मीटर शंभर ग्रॅमच्या आतबाहेर भरतं, म्हणजे किलोत जवळजवळ दहा मीटर. भाव पडला ३८ रुपये मीटर. अर्थात जो तुकडा असेल तो. त्याच छाप्याचा दुसरा मागायचा नाही, आणि ढिगात पॉलिएस्टर मिसळलेलं असतंच.

आई ढिगासमोर स्टूल घेऊन बसल्या आणि एकेक तुकडा दोन्ही मुठींत चुरगाळून सोडू लागल्या. एक जांभळा मला फार आवडला होता. त्यांनी तो अंगठा आणि बोटाच्या मध्ये चोळला, बोट माझ्यापुढे धरलं. पांढरी भुकटी. "खळ आहे नुसती. धुतलं की जाळी होईल त्याची." मी हट्टाने घेतला. झाली. वहीत आहे, पान १७.

अस्तराला तिथूनच कोरा मांजरपाट घेतला, इचलकरंजीचा, असं दुकानदार म्हणाला. खरखरीत, त्यात सरकीचे तपकिरी ठिपके. कोरं कापड फार आटतं, म्हणून शिवण्याआधी दोनदा गरम पाण्यातून काढलं. पन्नासाचं सत्तेचाळीस झालं. आज चार धुण्यांनंतर ठिपके जवळजवळ गेले आहेत आणि कापड जुन्या धोतरासारखं लागतं. तीन गोधड्यांमध्ये दर धुण्याला सुधारत गेलेलं हे एकच कापड, बाकी बहुतेक कमी-जास्त उतरणीला.

आत वॅडिंग घातली नाही. आईंनी स्वतःची एक विरलेली नऊवारी काढून दिली. तिचे तीन तुकडे शेजारीशेजारी जोडले तर दोन थर बसले, आणि काठाची पट्टी उरली तिचाच चारही बाजूंनी गोट लावला. ओली झाली की ही गोधडी पिळायला दोन माणसं लागतात आणि वाळायला दोन दिवस. पण आत गोळा होण्यासारखं काही नाही, आणि फेब्रुवारीतही कोणी तिला लाथ मारलेली नाही.

ती अर्थातच माझ्याकडे राहिली नाही. पहिल्याच रात्री आईंनी नेली. मोठ्या हौसेने वर लावलेलं अजरख त्या गादीकडे करतात आणि मांजरपाटाची बाजू वर घेऊन झोपतात. त्यामुळे उजेडात अजरखाचा रंग किती टिकतो, हे मला पुढच्या वर्षीही सांगता येईल असं दिसत नाही.