आधी एजरनर्स बघू की सायबरपंक 2077 खेळू?

सुट्टी लागली की हा प्रश्न येतोच, कधी धाकट्या मावसभावाकडून, कधी त्याच्या खानापूरच्या दोस्तांकडून, "दादा, दोन्हीत एकच शहर हाय म्हणतात, मग सुरुवात कशानं करू?" तर माझं उत्तर ठरलेलं आहे, आधी ॲनिमे, म्हणजे एजरनर्स ही जपानी कार्टून सिरीज, गेम नंतर. खरं सगळ्यांना ते लागू होत नाही, एका प्रकारच्या माणसाला मी उलटंच सांगतो, ते पुढे येईल.

थोडी माहिती आधी. नाईट सिटी हे शहर माइक पॉन्डस्मिथच्या 1988 च्या टेबलटॉप, म्हणजे टेबलावर बसून खेळायच्या गेममधून आलंय. त्यावर पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडनं 10 डिसेंबर 2020 ला सायबरपंक 2077 हा व्हिडिओ गेम काढला, आणि तेव्हा त्यात एवढे बग होते की सोनीनं आठवडाभरातच आपल्या स्टोअरवरून तो उतरवला, परत आला तो थेट जून 2021 ला. मग सप्टेंबर 2022 मध्ये नेटफ्लिक्सवर एजरनर्स आलं, जपानच्या स्टुडिओ ट्रिगरचं, दिग्दर्शक हिरोयुकी इमाइशी, एकूण 10 एपिसोड. आणि या 10 एपिसोडनी त्या बदनाम गेमला वर काढलं बघा, त्याच महिन्यात गेमच्या 2 कोटी कॉपी खपल्याचं कंपनीनं जाहीर केलं. ॲनिमेतल्या ज्या गाण्यावर सगळे रडले ते गाणं गेमच्या रेडिओवर 2020 पासून वाजत होतं, कुणी फारसं लक्ष दिलं नव्हतं. गाडी चालवताना ऐकलं आणि पुढं गेलो. तेच गाणं ॲनिमेतल्या लूसी आणि डेव्हिड या जोडीच्या सीनवर लागलं की घशात आवंढा, म्हणजे गाणं तेच, आपण कुणाची काळजी करूलोय ते बदललं.

आता कॅरेक्टर, कारण खरी तुलना तिथंच आहे.

डेव्हिड मार्टिनेझ हा गरीब घरातला पोरगा, आई ग्लोरिया राबून त्याला अरासाका या बड्या कंपनीच्या अकॅडमीत शिकवतेय, श्रीमंतांची पोरं त्याला हिणवतात. पहिल्याच एपिसोडमध्ये ॲक्सिडेंट होतो, ट्रॉमा टीमचे, म्हणजे पैसे भरलेल्यांनाच उचलणाऱ्या खाजगी ॲम्ब्युलन्सचे लोक येतात आणि यांच्याकडे त्यांचा प्लॅन नाही म्हणून आईला तिथंच सोडून जातात. कुणी भाषण देत नाही, व्यवस्था कशी वाईट वगैरे काही नाही, ते येतात, बघतात, जातात. वीस-पंचवीस मिनिटांत त्या शहराचा स्वभाव कळतो. पुढं डेव्हिड अंगात एकेक मशीन बसवत जातो आणि ट्रिगरवाले ते संवादात सांगत बसत नाहीत, त्याचं अंगच एपिसोडागणिक फुगत जातं, मधे काळ पुढं सरकतो तेव्हा तर क्षणभर ओळखूच येत नाही. तुम्ही सोफ्यावर बसून म्हणत राहता, बस की रे आता, आणि तो ऐकत नाही. ऐकणार कसा, तुमच्या हातात काहीच नाही. हीच एजरनर्सची ताकद आहे असं माझं मत, पोरगा कुठं चाललाय हे दिसतंय आणि थांबवता येत नाही.

गेममध्ये तुम्ही व्ही, पोरगा किंवा पोरगी, आणि सुरुवातीलाच नोमॅड (शहराबाहेरचा भटक्या), स्ट्रीटकिड (गल्लीतला), कॉर्पो (बड्या कंपनीतला) यातलं एक निवडायचं. डोक्यात एक चिप अडकते, त्यात जॉनी सिल्व्हरहँड नावाचा मेलेला रॉकर, किआनू रीव्ह्जच्या आवाजात आणि चेहऱ्यात, आणि तो हळूहळू तुमचा मेंदू खातोय. आयडिया जबरदस्त. खरं इथं एक गोम आहे जी मला आजही खटकते. डॉक्टर सांगतो थोडे आठवडे राहिलेत तुझे, आणि व्ही काय करतो, तर बॉक्सिंगच्या मॅचा खेळतो, सेकंडहँड गाड्या विकत घेतो, हरवलेल्या टॅक्स्या हुडकत फिरतो. मेन स्टोरी ओरडतेय घाई कर, आणि गेमची मजा सगळी रेंगाळण्यात. व्हीचा जोडीदार जॅकी, त्याचं पण तसंच, त्याच्याशी तुमची दोस्ती सहा महिन्यांची आहे म्हणे, आणि ते सहा महिने एका छोट्या मोंटाजमध्ये गुंडाळलेत, मग पुढं त्याच्यासाठी जीव तुटावा अशी अपेक्षा. तुटतो थोडा, पण ते श्रेय जॅकीच्या बोलण्याला. इंग्लिश बोलता बोलता मध्येच स्पॅनिश घालतो, जसं आपण बेळगावात शहापूरच्या भाजी मार्केटात मराठीत सुरू करतो आणि भाव पाडताना कन्नडवर जातो. आपल्या भागातल्या पोरांना हा माणूस पहिल्या मिनिटात घरचा वाटतो.

गेमचं सगळ्यात भारी लिखाण मेन स्टोरीत नाहीच, साईड जॉबमध्ये, म्हणजे बाजूच्या छोट्या कामांत आहे. पेरालेझ नवरा-बायकोचं काम नक्की करा. महापौरपदाचा उमेदवार, घरात काहीतरी विचित्र चाललंय म्हणून तुम्हाला बोलावतात, आणि शोधता शोधता कळतं की कुणीतरी त्यांच्या आठवणीच बदलतंय, बायको म्हणते नवऱ्याला सांगू नको. सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवायचं. दोन्हीपैकी काहीही केलं तरी बक्षीस नाही, शाबासकी नाही, मागं कोण आहे तेही धड कळत नाही. मी कंट्रोलर खाली ठेवून बराच वेळ बसलो होतो. हे ॲनिमेत जमलं नसतं, कारण तिथं डेव्हिडनं काहीतरी ठरवलं असतं आणि आपण त्याला बरोबर-चूक म्हणून मोकळे झालो असतो. इथं फोन आपल्याला येतो, उत्तर आपण द्यायचं. ज्यूडी आणि पॅनॅम या व्हीच्या मैत्रिणींच्या स्टोऱ्या पण तशाच, त्यांच्यासोबत नुसतं बसण्याचे सीन आहेत, गोळ्या नाहीत काही नाही, आणि तेच लक्षात राहतात.

एजरनर्सच्या चुका पण सांगतो नाहीतर म्हणाल फॅन आहे. दुसरा अर्धा भाग पळतो. डेव्हिड ज्या टोळीत शिरतो तिचा म्होरक्या मेन (हे त्याचं नाव), त्याच्या टोळीतली पिलार, डोरिओ, किवी ही माणसं नीट ओळखीची व्हायच्या आत गोष्ट पुढं निघून जाते. फॅरडे हा व्हिलन म्हणून अगदीच पातळ. आणि लूसी, जिच्या चंद्राच्या स्वप्नावर सगळं उभं आहे, तिला शेवटी शेवटी बाजूला ठेवून दिलंय, यावर माझं कायम भांडण असतं लोकांशी. टोळीतलीच रेबेका एवढी आवडते लोकांना ती त्यामुळंच, ती निदान स्क्रीनवर असते आणि जे वाटतं ते बोलते.

मग आधी ॲनिमे का? एक, ॲनिमेची गोष्ट गेमच्या वर्षभर आधीची आहे आणि गेममध्ये आफ्टरलाईफ नावाचा बार आहे, तिथल्या मेन्यूकडे नीट बघितलं तर एजरनर्सचा शेवट फुटतो. यापुढं काही सांगत नाही. दोन, ॲडम स्मॅशर. नुसता गेम खेळलात तर तो एक मोठा लोखंडी बॉस, चार डायलॉग आणि मारामारी. ॲनिमे बघून त्याच्यासमोर गेलात तर हात थरथरतात, जुना हिशोब असल्यासारखं वाटतं. गेममध्ये डेव्हिडचं ते पिवळं जॅकेट पण मिळतं, सप्टेंबर 2022 च्या अपडेटपासून, आणि ज्यानं ॲनिमे बघितलं नाही त्याला ते नुसतं एक जॅकेट.

खर्चाचं बघायचं तर फरक मोठा. ॲनिमे चार-साडेचार तासांत संपतं, फोनवर पण चालतं, करंट गेला तरी अडत नाही. गेमला मेन स्टोरीचेच अंदाजे 25 तास, साईड जॉब धरले तर दुप्पटीच्या पुढं, 70 जीबी जागा आणि एसएसडी पाहिजेच, साध्या हार्डडिस्कवर आता कंपनी सपोर्ट देत नाही. तासाच्या हिशोबानं गेमिंग कॅफेत बसून हा गेम खेळू नका, घड्याळाकडे बघत पेरालेझची स्टोरी डोक्यात जात नाही. विकत घ्यायचा तर सेलची वाट बघा, वर्षात बऱ्याचदा लागतो. आणि दोन्ही 18 च्या वरच्यांसाठी आहे, रक्त, नागडेपणा सगळं आहे, त्यामुळं हॉलमध्ये आज्जी आणि बारकी पोरं असताना टीव्हीला लावायचा उद्योग करू नका, कार्टून आहे म्हणून कुणी ऐकून घेणार नाही.

आता तो उलटा माणूस. ज्याला हतबल होऊन बघत बसणं सहन होत नाही, वाईट शेवटाची गोष्ट बघितली की दोन दिवस जेवण जात नाही, त्यानं आधी गेम खेळावा, आफ्टरलाईफचा मेन्यू फुटला तर फुटू दे. गेमला शेवट बरेच आहेत, आणि एखादा तरी असा सापडतो की ज्याच्यासोबत झोप लागते. नाईट सिटीची सवय झाली की मग डेव्हिडकडे जा. ज्याला ॲनिमेचं आरडाओरडा-रंगीबेरंगी ड्रॉइंगच झेपत नाही त्यालाही हेच, जबरदस्तीनं तिसऱ्या एपिसोडपर्यंत ओढून उपयोग नाही.

फँटम लिबर्टी, म्हणजे सप्टेंबर 2023 चं एक्स्पान्शन, ते मात्र सगळ्यांनी शेवटीच घ्या. स्टोरी म्हणून मेन गेमपेक्षा ते जास्त आटोपशीर आहे, इद्रिस एल्बानं केलेला गुप्तहेर सॉलोमन रीड आणि साँगबर्ड नावाची हॅकर, दोघंही तुमच्याशी खोटं बोलतात आणि दोघांचंही पटतं, आणि एका ठिकाणी एकाची बाजू सोडावीच लागते. मी रीडला सोडलं, मावसभावानं साँगबर्डला, आणि आमचं त्यावरून अजून जमलेलं नाही.